कडू कारलं नव्हतं: एका तीयलचा प्रकरण अभ्यास

परत आलेले डबे मी स्वतः उघडते. चिंचवडला ११ वर्षं डब्यांचं काम करते आहे आणि पहिल्या महिन्यापासून ही सवय ठेवली आहे. जेवण कसं होतं असं विचारलं की माणसं भिडेनं "छान होतं ताई" म्हणतात आणि पुढच्या महिन्यात गुपचूप डबा बंद करतात. कप्प्यात काय उरलं ते पाहिलं की विचारावं लागत नाही.

त्या रविवारी १४ डबे गेले होते. १४ पैकी ९ डब्यांत तिसरा कप्पा जवळजवळ जसाच्या तसा परत आला. भात संपला होता, पापड संपला होता, कोबीचं तोरन, म्हणजे खोबरं घातलेली सुकी भाजी, चाटूनपुसून खाल्लेलं होतं. उरलं होतं ते कारल्याचं तीयल, म्हणजे भाजलेलं खोबरं आणि चिंच घालून केलेलं केरळी कालवण. संध्याकाळी फोनवर एक ओळ आली: "ताई, तीयल थोडं कडू."

ते का बिघडलं, हे शोधायला मला चार रविवार लागले. त्या चार रविवारांत जे केलं आणि जे कळलं, ते इथे सगळं लिहून ठेवते आहे. खोबरं आणि चिंच हा जोड आपल्या कोकणातही रोजचा आहे. मला ज्या गोष्टी येतात असं वाटत होतं, नेमक्या त्यांनीच मला चुकवलं.

मागणी कुठून आली

माझ्याकडे केरळच्या १४ नर्सेसचे डबे आहेत. तीन फ्लॅटमध्ये मिळून राहतात, एकाच हॉस्पिटलात काम करतात. सोमवार ते शनिवार आपलंच जेवण जातं: पोळी, भाजी, आमटी, भात. कधी कुरकुर नाही. त्यांच्यात एक वयानं मोठ्या आहेत, बाकीच्या त्यांना चेची म्हणतात, म्हणजे ताई. मी त्यांना मोठ्या सिस्टर म्हणते. पुण्यात येऊन त्यांना २२ वर्षं झाली, मराठी अगदी स्वच्छ बोलतात. मूळच्या नेय्याट्टिनकराच्या, तिरुवनंतपुरमच्या दक्षिणेला.

एकदा पैसे द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "ताई, रविवारी एक दिवस आमच्या पद्धतीचं कराल का? या मुली घरून येऊन वर्ष वर्ष होतं. तीयल कराल?"

मी हो म्हटलं. घरापासून दीड हजार किलोमीटरवर राहून दुसऱ्यांची आजारपणं काढणाऱ्या मुलींनी आठवड्यातून एकदा आपल्या चवीचं मागितलं, तर ते नीट करून द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. "जवळपास तसंच" करून चालत नाही. परक्या गावात जवळपास तसंच जेवण मिळालं की घराची आठवण जास्तच टोचते. मी स्वतः लग्नानंतर पहिली दोन वर्षं नागपूरला काढली आहेत, तिथे मिळालेल्या सोलकढीची चव अजून विसरले नाही.

तीयल म्हणजे काय

तीयल हा दक्षिण केरळचा, जुन्या त्रावणकोर संस्थानाच्या मुलखातला पदार्थ. तिरुवनंतपुरम, कोल्लम आणि हल्लीच्या तमिळनाडूतलं नागरकोविल हा त्याचा पट्टा. नागरकोविलचं नाव ऐकून मला नवल वाटलं होतं. मग कळलं की कन्याकुमारीचा तो सगळा भाग १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचनेत मद्रास राज्यात गेला, त्याआधी तो त्रावणकोर संस्थानात आणि मग त्रावणकोर-कोचीन राज्यात होता. राज्याची हद्द सरकली, स्वयंपाकघरं जिथल्या तिथे राहिली.

"ती" म्हणजे विस्तव. नारळाचा चव, म्हणजे खवलेलं ओलं खोबरं, विस्तवावर गडद तपकिरी होईपर्यंत भाजायचा, तो लोण्यासारखा वाटायचा आणि चिंचेच्या कोळात भाजीबरोबर उकळायचा, की झालं तीयल. भाजी एकच असते किंवा दोन-तीन एकत्र: छोटे कांदे, कारलं, वांगं, शेवगा, भेंडी. अशा भाजून-वाटून केलेल्या पदार्थांना मल्याळममध्ये "वरुत्तरच्च" म्हणतात. अवियलमध्ये खोबरं कच्चं वाटतात आणि ते पांढरं राहतं, तीयल हे त्याचं दुसरं टोक.

हे वर्णन ऐकल्यावर मी मनात म्हटलं, हे तर आपलं वाटप. माझं माहेर सावंतवाडीकडचं. काळ्या वाटाण्याचं सांबारं मी बाराव्या वर्षापासून करते आहे. खोबरं भाजणं, वाटणं, त्यात मसाला घालणं हे मला कोणी शिकवावं अशी गोष्ट नव्हती. म्हणून मी मोठ्या सिस्टरांना फक्त साहित्य विचारलं, कृती विचारली नाही.

पहिला रविवार: मी नेमकं काय केलं

हे सविस्तर सांगते, कारण चूक एका जागी नव्हती.

१ किलो कारली आणि अर्धा किलो सांबार कांदे घेतले. कारल्याच्या चकत्या करून मीठ लावलं, तासाभरानं पिळून घेतल्या, आपण करतो तशाच. वाटपाला सुकं खोबरं किसून घेतलं. ओले नारळ खवायला वेळ जातो आणि आमच्याकडे मालवणी वाटपात सुकं चालतं, ही त्यामागची समजूत. बिडाच्या मोठ्या कढईत खोबरं, धणे, सुक्या मिरच्या, मेथी आणि कढीपत्ता एकदमच घातलं आणि मोठ्या आचेवर भाजायला घेतलं. "गडद तपकिरी" हे शब्द डोक्यात पक्के होते. खोबरं तपकिरी झालं तसा गॅस बंद केला आणि कढई तशीच ठेवून कोबी चिरायला बसले. दहा मिनिटांनी मिक्सरमध्ये पाणी घालून वाटलं. त्याच बिडाच्या कढईत चिंचेचा कोळ उकळत ठेवला, त्यात कारली आणि कांदे सोडले, शिजत आले असं वाटल्यावर वाटप घातलं.

चव मी घेतली होती. कडू लागलं, पण कारल्याची भाजी कडू लागणारच, आणि त्यांना तशीच आवडत असेल असं धरून मी डबे भरले.

मोठ्या सिस्टरांची तपासणी

सोमवारी सकाळची ड्युटी संपवून त्या स्वयंपाकघरात आल्या. मी उरलेलं तीयल फ्रिजमध्ये ठेवलं होतं, फेकलं नव्हतं. त्यांनी वाटीत घेतलं आणि गार असतानाच बोटानं नुसता रस चाटला. मग एक कारल्याची चकती उचलली, नळाखाली धरली, सगळा रस धुऊन काढला आणि ती चकती तोंडात टाकली. दोन वेळा चावून थांबल्या.

"ताई, हे कारल्याचं कडू नाही. कारल्याचं कडू जिभेवर येतं आणि जातं. हे घशात बसलंय. खोबरं जळलं."

मग दुसरी चकती दोन बोटांत दाबली. ती दबली नाही, वाकली. "आणि हे शिजलेलंच नाही."

मला ते पटलं नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. खोबरं तपकिरी होतं, काळं नव्हतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि कारल्याच्या भाजीत कडूपणाचा दोष कारल्याला सोडून दुसऱ्या कोणाला द्यायचा, हे मनाला रुचत नव्हतं. त्या मात्र वाद घालत बसल्या नाहीत. वाटप उरलं आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. वाटीभर उरलं होतं. "मग नुसत्या कांद्याचं करून बघू."

सांबार कांद्यात कडूपणाचा अंशही नसतो, शिजला की गोडच होतो. त्या वाटीभर वाटपात आम्ही नुसत्या कांद्याचं तीयल केलं. वीस मिनिटांचं काम. पहिला घास घेतला आणि तोच कडूपणा, घशाशी अडकलेला, पाणी प्यायलं तरी न जाणारा.

पदार्थात दोन कडू गोष्टी असू शकतात आणि त्यांतली एक उघड दिसत असली की दुसरी तिच्या आड लपते. कारलं नसतं तर मी पहिल्या घासालाच वाटप करपलं म्हणून ओळखलं असतं.

खोबरं कुठे जळलं

पुढचे तीन-चार दिवस दुपारी डबे गेल्यावर मी थोडं थोडं भाजून पाहत होते. शंभर-शंभर ग्रॅमचे घाणे, प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची. माझ्याकडे कामाला येणाऱ्या दोन मावशी चव बघायला होत्या. कोणत्या वाटीत काय आहे हे त्यांना सांगितलं नव्हतं.

पहिला संशय सुक्या खोबऱ्यावर आला आणि तो खरा ठरला. ओल्या नारळात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी असतं, तेल साधारण एक तृतीयांश. सुक्या खोबऱ्यात पाणी नावालाच, बाकी बहुतेक तेल. आता कढईत काय होतं बघा. ओला चव घातला की आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जायला लागतं आणि ते जाईपर्यंत चवाचं तापमान पाण्याच्या उकळबिंदूच्या फार वर चढू शकत नाही. तेवढ्या वेळात सगळा चव खालीवर होऊन एकसारखा कोरडा होतो आणि मग सगळा मिळून रंगायला लागतो. खोबऱ्यातली प्रथिनं आणि साखर तापली की त्यांची एकमेकांशी रासायनिक क्रिया होते, त्यातून तो तपकिरी रंग आणि खमंगपणा येतो. पावाच्या कवचाला येतो तसाच. सुक्या किसाला ही सवडच मिळत नाही. कढईला टेकलेली टोकं लगेच काळी पडतात आणि मधला भाग पांढुरका राहतो. लांबून बघितलं की दोन्ही मिळून "तपकिरी" दिसतं. माझं तपकिरी हे असं होतं: थोडं काळं आणि बरंचसं कच्चं.

मालवणी वाटपात सुकं खोबरं चालतं, कारण तिथे आपण ते बदामी-लालसर झालं की थांबतो, आणि सोबत भाजलेला कांदा भरपूर असतो, तो ओलावा देतो, गोडवा देतो. तीयलचा रंग त्याच्या दोन पायऱ्या पुढचा आहे. तिथपर्यंत सुकं खोबरं धडपणे पोचत नाही.

दुसरा दोष मेथीचा. पाव चमचा मेथी मी सुरुवातीलाच घातली होती, ती मोठ्या आचेवर पंधरा मिनिटं भाजली गेली. मेथी मुळातच कडवट, जास्त भाजली की तिचा कडूपणा औषधासारखा होतो. सुक्या मिरच्या आणि धण्यांचंही तेच. त्यांना भाजायला दोन मिनिटं पुरतात, नारळाला पंचवीस लागतात, आणि मी सगळ्यांना एकाच गाडीत बसवलं होतं.

तिसरा दोष शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण तो गॅस बंद केल्यानंतर घडत होता. एका दुपारी ओला चव अगदी हवा तसा विटकरी रंगाचा झाला, मी गॅस बंद केला, फोन आला म्हणून बाहेर गेले. चार मिनिटांनी आले तर रंग काथासारखा, कडा काळ्या आणि कडू. बिडाची कढई जाड असते, उष्णता धरून ठेवते. आच गेली तरी भाजणं चालूच राहतं. पहिल्या रविवारी मी कोबी चिरत होते त्या दहा मिनिटांत वाटप जळत होतं.

मोठ्या सिस्टरांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझी आई गॅस बंद करायच्या आधी थाळी जवळ ओढून ठेवायची. आम्हाला वाटायचं पसारा नको म्हणून." त्यांनाही त्या थाळीचं कारण त्याच दिवशी उमगलं.

कारली का शिजली नाहीत

याचं उत्तर मला आधीपासून माहीत होतं, फक्त दुसऱ्या पदार्थाच्या नावानं.

आपल्याकडे आमटीत चिंच कधी घालतात? डाळ शिजून घोटल्यावर. आधी घातली तर डाळ शिजत नाही, हे कोणत्याही घरात सांगतात. भाजीचंही तेच आहे. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ उष्णतेनं विरघळला की भाजी मऊ होते. आंबट पाण्यात हे विरघळणं फार मंदावतं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तर चांगलंच तीव्र.

खात्रीसाठी दोन पातेली ठेवली. एकात साधं पाणी, एकात चिंचेचा कोळ, दोन्हींत एकाच कारल्याच्या सारख्या जाडीच्या चकत्या, आच सारखी. साध्या पाण्यातल्या चकत्या बाराव्या मिनिटाला चमच्यानं दाबल्या की मोडत होत्या. कोळातल्या पंचविसाव्या मिनिटालाही चामट. डाळीच्या बाबतीत जे ज्ञान हातात होतं ते कारल्याला लावायचं मला सुचलं नाही, कारण माझ्या डोक्यात "कारल्याला चिंच लावली की कडूपणा मरतो" हे दुसरं वाक्य आधीच बसलेलं होतं. ते खोटं नाही. पण आपल्या चिंचगुळाच्या कारल्यात चकत्या आधी तेलावर चांगल्या परततो आणि मग चिंच घालतो, हे मी विसरले होते.

चिंचेबद्दल एक आडवळण घेते, कोकणातल्या वाचकांसाठी. केरळात चिंचेला "वाळन्पुळी" म्हणतात आणि माशाच्या कालवणात घालतात ती "कुडंपुळी". बोलताना दोन्ही "पुळी". चिंचवडच्या केरळी दुकानात मी नुसतं "पुळी" मागितलं तर दुकानदारानं काळ्या, धुरकट वासाच्या पाकळ्या हातात ठेवल्या. हुंगून बघितलं तर कोकमाची आठवण आली, आणि ती बरोबरच होती. कुडंपुळी आणि आपलं कोकम एकाच कुळातली झाडं आहेत. तीयलला ती चालत नाही. इथे चिंचच हवी, आणि शक्य असेल तर वर्षभर मुरलेली काळी चिंच. नव्या चिंचेनं आंबटपणा येतो, पण रंग आणि गाभा येत नाही.

चिंच बिडाच्या कढईत उकळली हा पाचवा दोष, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लोखंडात चिंच उकळली की लोखंडाची चव उतरते. आंबट कशात करावं हे मला माहीत होतं, घाईत भांडं बदललं नाही एवढंच. केरळात हे मातीच्या चट्टीत करतात. मी आता जाड बुडाचं स्टीलचं पातेलं वापरते.

वाटणाची गोष्ट

चौथ्या रविवारी मोठ्या सिस्टर स्वतः सकाळी सात वाजता आल्या. सुट्टी होती त्यांची. मी करायचं आणि त्यांनी बघायचं असं ठरलं होतं, प्रत्यक्षात त्यांनी पदर खोचून खवणी ओढून घेतली.

२ मोठे नारळ खवले, चव भरला ४०० ग्रॅम. तो कढईत घातला, सोबत चार सांबार कांदे चिरून, कढीपत्त्याची दोन टहाळं आणि चमचाभर खोबरेल तेल. आच मध्यम. सुरुवातीला उलथनं फिरवलं की ओला, जड आवाज येतो आणि वास नुसत्या वाफेचा. दहा-बारा मिनिटांनी आवाज बदलतो. चव मोकळा होतो आणि कढईत वाळूसारखा सळसळायला लागतो. इथे त्यांनी आच बारीक केली आणि पाव चमचा मेथी घातली. "आता हात थांबवायचा नाही. फोन वाजला तरी नाही."

रंग साईसारखा, मग बिस्किटासारखा, मग सोनेरी. मग विटकरी. वास आधी गोड, मग भाजलेल्या शेंगदाण्यांचा, आणि विटकरी रंगाच्या पुढे गेल्यावर त्यात कॉफीची छटा. त्या छटेला त्यांनी गॅस बंद केला आणि त्याच क्षणी ४ मोठे चमचे धणेपूड, २ चमचे तिखट, अर्धा चमचा हळद घालून अर्धं मिनिट ढवळलं. अख्खे धणे नाहीत, अख्ख्या मिरच्या नाहीत. पुडी कढईच्या उरल्या उष्णतेवर भाजते, आणि कढई भाजायचं थांबत नाही हे जे मला नडलं होतं ते इथे कामाला लावलेलं. आणि लगेच सगळं परातीत. परात आधीच शेजारी ओढलेली होती. सगळं मिळून २७ मिनिटं. मी नंतर पुड्या वजा करून वजन केलं: ४०० ग्रॅमचं २१५ झालं होतं. जे गेलं ते पाणी.

पुढे वाटण. मी सवयीनं मिक्सरच्या भांड्यात पाणी ओतायला गेले, तर त्यांनी माझं मनगटच धरलं. "पाणी नको. तेल सुटू दे." थांबून थांबून, भांड्याच्या कडा खरवडत, कोरडंच वाटलं. पहिल्यांदा रवाळ भुगा झाला, मग ओलसर गोळा, आणि मग एकदम तो सैल झाला, चकाकायला लागला आणि भांड्यात आपोआप वळायला लागला. बोटांत धरून चोळलं तर कणी लागत नव्हती. नारळातलं तेलच त्याला पातळ करतं. आधी पाणी घातलं की तुकडे पाण्यात नुसते गरगरत राहतात आणि बारीक होतच नाहीत, मग रस खाली पाणी, वर तेल, मधे चोथा असा तीन थरांत बसतो. पहिल्या रविवारचा रस असाच होता, मी त्याला तर्री समजले होते.

त्यांच्या आजीच्या घरी हे अम्मीवर, म्हणजे आपल्या पाट्यावर, व्हायचं. आजी वाटण बोटानं उचलून नातवंडांच्या तळहातावर ठेवायची आणि विचारायची, खडा लागतो का? नाही म्हटलं की मगच पाटा धुवायचा. हे सांगताना त्यांनी तेच केलं, माझ्या तळहातावर मिरीएवढं वाटण ठेवलं. मी ते अंगठ्यानं पसरलं. नुसता तपकिरी डाग राहिला, साईसारखा गुळगुळीत.

शेवटची जुळणी

कारली या वेळी मीठ लावून पिळली नाहीत. पातळ अर्धचंद्र चिरले आणि खोबरेल तेलात कडा तपकिरी होईपर्यंत परतले. त्यात अर्धा किलो कांदे, मीठ, आणि झाकण ठेवून मऊ होईपर्यंत. शिजली आहेत हे दाबून पाहिल्यावर ९० ग्रॅम चिंचेचा लिटरभर कोळ घातला आणि आठ-दहा मिनिटं खळखळ उकळला. कच्च्या चिंचेचा नाकात जाणारा वास गेला पाहिजे, वाटण त्यानंतर. वाटण घातल्यावर आच मंद, सहा-सात मिनिटं, पृष्ठभागावर तेलाचे बारीक थेंब चमकेपर्यंत. तर्रीसारखा थर येत नाही, नुसते थेंब. शेवटी मोहरी, सुकी मिरची, कढीपत्त्याची फोडणी.

गूळ घालायचा का, यावर आमचं एकमत झालं नाही. माझा हात गुळाच्या डब्याकडे गेलाच होता. त्या म्हणाल्या, काही घरांत कारल्याच्या तीयलात घालतात, आमच्यात नाही, कांदा पुरे. मी घातला नाही. चव घेतल्यावर माझंही मत फिरलं: कांद्याचा गोडवा मागे उभा राहतो, गुळाचा पुढे येऊन बसतो, आणि मग भाजलेल्या खोबऱ्याची चव दबते.

आणि कडूपणा होता. कारल्याचा, स्वच्छ. जिभेवर आला, चिंचेबरोबर थोडा रेंगाळला आणि गेला.

डब्यात भरताना रस मला फार पातळ वाटला, वाटण अजून घालावं असं वाटत होतं. त्यांनी थांबवलं. नऊला केलेलं तीयल दीडला खायचं असेल तर ते ताकाएवढं सैल ठेवायचं, भाजलेलं खोबरं पाणी ओढत राहतं. दुपारी झाकण उघडलं तेव्हा माझ्यासाठी ठेवलेल्या वाटीतला रस चमच्याला धरत होता.

त्या दिवशी डब्यात कोलम तांदळाऐवजी केरळचा लालसर, जाड मट्टा तांदूळ दिला होता. हाही माझा आधीचा एक दोष म्हणायला हवा: तीयलचा जडपणा पेलायला तसाच जड भात लागतो, कोलमवर तो नुसता ओघळतो.

पण डबे परत आले तेव्हा १२ च आले. दोन कमी म्हणून मी फोन केला. रात्रपाळीच्या दोघींनी आपले डबे खाल्लेच नव्हते. भात-तोरन शेजारणींना देऊन टाकलं होतं आणि तीयल फ्रिजमध्ये ठेवलं होतं, सोमवारी सकाळी ड्युटीवरून उतरल्यावर खायला. दुसऱ्या दिवशी ते मुरतं आणि जास्त चांगलं लागतं, असं त्यांतली एक म्हणाली, आणि मग जरा थांबून, पुढच्या वेळी आमच्यासाठी आदल्या दिवशीच करून ठेवाल का, असं विचारलं.

आता मी त्यांच्या दोघींपुरतं शनिवारी संध्याकाळी करते. उरलेल्या १२ जणींचं रविवारी सकाळी. शेवग्याच्या शेंगांचं तीयल अजून मला हवं तसं आलेलं नाही, शेंग शिजेपर्यंत गर सुटतो. त्यावर मोठ्या सिस्टर पुढच्या सुट्टीला येणार आहेत.